दत्तक : वंशासाठी की लेकरासाठी?

दत्तक हा शब्द आपल्या समाजात मुलाच्या बाजूने फारसा उच्चारला गेलेला नाही. 'त्यांना मूल नव्हते म्हणून त्यांनी दत्तक घेतले' असे आपण सहज म्हणतो. 'त्या मुलाला घर नव्हते म्हणून' असे कोणी म्हणत नाही. मूल हे या वाक्यात नेहमी कर्म असते, कर्ता कधीच नसते. हा केवळ व्याकरणाचा भाग नव्हे. त्यामागे एक जुनी मूल्यव्यवस्था उभी आहे. ती समजून घेतल्याशिवाय, मारहाणीच्या घरातून सुटलेल्या लेकराला दुसरे घर मिळणे इतके कठीण का आहे, याचा उलगडा होत नाही.

धर्मशास्त्रातले दत्तकविधान पाहावे. नंदपंडिताची 'दत्तकमीमांसा' आणि 'दत्तकचंद्रिका' हे ग्रंथ इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही प्रमाण मानले. दत्तक घ्यायचा तो पिंड देण्यासाठी, वंश चालविण्यासाठी आणि वाडावतन सांभाळण्यासाठी. म्हणून तो मुलगाच असावा आणि स्वजातीचा असावा. देणारे त्याचे आईबापच असले पाहिजेत. म्हणजे ज्याला आईबापच नाहीत, त्या पोरक्याला या शास्त्रात दत्तक जाण्याची सोयच नव्हती! उलट मुंबई इलाख्यात लग्न झालेला, पोरेबाळे असलेला बाप्यासुद्धा दत्तक घेता येई. यावरून काय ते समजावे. ज्याला मायेची गरज होती तो बाहेर, आणि ज्याच्या नावावर इस्टेट करायची तो आत.

या व्यवस्थेला पहिला जबर धक्का पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दिला. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, एवढाच त्याचा हेतू. १८७४ साली एका ब्राह्मण विधवेच्या पोटी आलेले मूल या दांपत्याने आपल्या ओटीत घेतले. तोच यशवंत. त्यांनी त्याला शिकवून डॉक्टर केले, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस नेमले. त्याच्या जन्माकडे बोट दाखवून मुलगी द्यायला लोक कचरत होते. अखेर १८८९ साली एका सत्यशोधकाच्या मुलीशी त्याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घालून नेले, आणि त्याच साथीत त्या गेल्या. स्वजात, गोत्र, पिंड यांपैकी एकही अट या दत्तकात नव्हती. जगायला आलेला एक जीव होता आणि त्याला जगवणारी दोन माणसे होती. दत्तकाचा खरा अर्थ मी येथून घेतो.

कायदा या अर्थाकडे फार हळू आला. हिंदू कोड बिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दत्तकाचे प्रकरण घातले होते. ते बिल रखडले आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ साली हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याने जातीची अट काढली, मुलीला दत्तक जाण्याचा हक्क दिला आणि दत्तहोमाची सक्ती संपविली. टाकून दिलेले मूल पालकाच्या हातून, न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याची वाट १९६२ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना मात्र १८९० च्या कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे. धर्म कोणताही असो, बाल न्याय कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. आज २०१५ चा बाल न्याय कायदा चालतो, आणि २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतो.

आता मारहाणीच्या घरातल्या मुलाकडे वळू. मी बरीच वर्षे एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. आमच्या वस्तीत आईबाप गेल्यावर चुलत्याकडे राहणारी आठ वर्षांची एक पोर होती. तिच्या दंडावर उलथण्याचे डाग होते. शेजारच्या सफाई कामगार नवराबायकोने तिला घरात घेतले. पहिले काही महिने ती उशीखाली भाकरीचे तुकडे लपवून ठेवी. कुणी हात वर केला, अगदी दोरीवर कपडा टाकायला केला, तरी ती डोके झाकी. पुढे ती वेगळेच वागू लागली. मुद्दाम ताट उपडे करी, शिव्या देई आणि मग त्या बाईच्या तोंडाकडे बघत राही. लोक म्हणाले, रक्तच तसले. मला ते पटले नाही. ती पोर परीक्षा घेत होती. आजवर मोठ्या माणसांचा तिला एकच अनुभव होता. हे घरसुद्धा आपल्याला मारून हाकलते का, हे तिला आधीच कळायला हवे होते. त्या बाईने ताट उचलले, पुन्हा वाढले आणि पुन्हा वाढत राहिली. प्रेम म्हणजे पुष्कळदा एवढेच असते.

परंतु नुसते प्रेम पुरले नाही. पोर भांडीधुण्याच्या कामाची झाली तसा चुलता तिला मागायला आला. कागद कुणाचाच नव्हता, पण नाते त्याचे होते. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे नेले तेव्हा समितीने मुलीला स्वतःला विचारले. तिला आधी प्रतिपालनासाठी त्याच घरी ठेवले, आणि पुढे दोन वर्षांनी दत्तकाचा हुकूम झाला. त्या दिवसापर्यंत ती बाईंना मावशी म्हणे. नंतरही काही महिने मावशीच म्हणत होती. आई हा शब्द हुकुमाने येत नाही, तो आपल्या वेळेने आला.

म्हणून कायद्याची वाट प्रत्येक वस्तीत माहीत असली पाहिजे. मुलाचा छळ दिसला तर १०९८ या क्रमांकावर कळवता येते. बाल कल्याण समिती चौकशी करते. आईबाप सांभाळण्यास अयोग्य ठरले, तर मुलाला संरक्षण देणे हे तिचे काम आहे. अनाथ वा टाकलेल्या मुलाला दत्तकासाठी मोकळे ठरविण्याचा अधिकार तिचाच. मूल पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याची संमती लागते. मूल दत्तकपूर्व प्रतिपालनासाठी घरी दिल्यापासून दोन वर्षे त्या घराची पाहणी होते. हुकुमाच्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी त्या घराचे होते आणि जुन्या घराचा हक्क संपतो. मुलाला परस्पर कुणाच्या ओटीत घालणे कितीही मायेचे वाटले, तरी त्यात उद्या त्याच्या हाती काही राहत नाही. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या सातबारा नव्हता, त्यांना कागदाचे मोल वेगळे सांगायला नको.

अडचण अजूनही मनाचीच आहे. दत्तकासाठी नाव नोंदवलेले आईबाप पुष्कळ आहेत आणि मुले थोडी. तरीही मोठी मुले, अपंग मुले संस्थांतच वाढतात. सर्वांना तान्हे, गोरे, निरोगी बाळ हवे असते. 'मूल चांगल्या घरचे आहे ना?' असे हळूच विचारले जाते. चांगले घर म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. विचारणारा जात विचारतो आहे. त्या चांगल्या घरानेच पोराला टाकले किंवा डागले असेल, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. ज्याची जात कळत नाही त्याला तर सरकारी अर्जात रकानाच नव्हता. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण दिले, तेव्हा कुठे ही मुले शासनाच्या नजरेला पडली.

जन्मावरून माणसाचे मोल ठरवू नये, हे आम्ही सवर्णांना सांगत आलो आहोत. तीच कसोटी आपल्या उंबऱ्यावरही लावली पाहिजे. अंगावर डाग घेऊन आलेले, ताट उपडे करणारे, कुणाचे ते ठाऊक नसलेले पोर दारात उभे राहिले, तर त्याचे कूळ विचारू नये. ते जेवले आहे का, हे विचारावे. आणि सकाळी त्याचा कागद करायला जावे.