सशाचे प्रजनन, दिनमान व हॉर्मोने
यूरोपीय ससा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) व त्यापासून निपजलेले सर्व पाळीव ससे यांच्या प्रजननावर दोन भिन्न गोष्टींचे नियंत्रण असते. दिनमानामुळे मुख्यतः हंगाम ठरतो. अंडमोचन (अंडकोशातून अंडे बाहेर पडण्याची क्रिया) मात्र सामान्यतः समागमानंतरच होते.

रात्री पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे हॉर्मोन स्रवते. रात्री लहान होऊ लागल्या की, त्याच्या स्रवणाचा काल घटतो आणि मेंदूतील अधोथॅलॅमसामार्फत पोष ग्रंथीला चालना मिळते. ब्रिटनमध्ये रानटी सशांची बहुतेक पिले जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मतात. शरद ऋतूत नरांची वृषणे आकसतात. तथापि प्रकाशालाच सर्व श्रेय देणे योग्य नाही. स्पेनच्या कोरड्या भागात उन्हाळ्यात गवत वाळते, त्यामुळे तेथे दिनमान घटत असतानाही शरदातील पावसानंतर प्रजनन सुरू होते. ससेपालनात सु. १६ तास प्रकाश देऊन माद्या वर्षभर प्रजननक्षम ठेवतात.

मादीत ठराविक ऋतुचक्र नसते. अंडकोशातील पक्व होणाऱ्या पुटकांतून ईस्ट्रोजेन स्रवते. त्याच्या प्रभावाखाली मादी नराला जवळ येऊ देते व हनुवटीखालील ग्रंथीचा गंध वस्तूंना वारंवार लावते. समागमाच्या संवेदनेने पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी हॉर्मोन एकदम स्रवते आणि सु. १० ते १२ तासांनी अंडमोचन होते. वॉल्टर हीप यांनी १९०५ मध्ये अंडमोचनाचा समागमाशी असलेला हा संबंध दाखवून दिला. नर वंध्य असला, तरी अंडमोचन होऊन सु. १६ ते १८ दिवसांची आभासी गर्भावस्था येते.

गर्भावधी ३० ते ३२ दिवसांचा असतो. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांच्या संयुक्त प्रभावाने मादी बीळ उकरते. प्रसूती जवळ आल्यावर प्रोजेस्टेरॉन घटते, प्रोलॅक्टिन वाढते. मग ती गवत गोळा करते आणि स्वतःच्या अंगावरचे केस उपटून घरट्यात अंथरते. आभासी गर्भावस्थेच्या अखेरीसही ती पुष्कळदा असेच करते. पिलांना ती सामान्यतः दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटे पाजते.

समागमाशिवाय अंडमोचन होत नाही, या वैशिष्ट्यावर फ्रीडमन व लॅफम यांनी १९३१ मध्ये मांडलेली गर्भनिदान चाचणी आधारलेली होती. स्त्रीचे मूत्र नरापासून दूर ठेवलेल्या सशाच्या मादीला टोचीत. त्या स्त्रीस गर्भ असल्यास मूत्रातील हॉर्मोनामुळे मादीत अंडमोचन होई. ‘ससा मेला’ म्हणजे गर्भ आहे, हा समज चुकीचा होता. अंडकोश तपासण्यासाठी सामान्यतः प्रत्येकच मादी मारली जाई.

भारतातील रानटी ससा (लेपस निग्रिकॉलिस) वेगळ्या प्रजातीतील आहे. तो बिळे खणत नाही व त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. घरटे बांधण्याविषयीचे वरील वर्णन त्याला लागू पडत नाही.