बूट काढा, पावलांना कामाला लावा!

१० सप्टेंबर १९६०, रोम. ऑलिंपिक मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी उभा राहिला. सरावही त्याने तसाच केला होता. २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत त्याने शर्यत संपवली: सुवर्णपदक, शिवाय विश्वविक्रम! चार वर्षांनी टोकियोत, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही आठवड्यांनी, तो बूट घालून धावला. पुन्हा सुवर्ण, पुन्हा विक्रम. पावलं तयार असली की बूट हा फक्त सोयीचा प्रश्न उरतो.

घोट्याखालचा चौथा हिस्सा
एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे. दोन्ही पावलांची मिळून हाडं ५२, आणि अख्ख्या शरीरात २०६! आपण दंड कमावतो, पोट कमी करतो, मांड्यांसाठी वेगळा दिवस राखतो. पावलांचे स्नायू मात्र जाड सोलच्या आत बसून राहतात. अनवाणी व्यायामाचा पहिला फायदा हाच, की त्यांनाही काम मिळतं.

आत्ताच करून पाहा
खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सपाट टेकवा आणि हाताने फक्त पायाचा अंगठा वर उचला. पावलाची कमान आपोआप उंचावेल. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो आणि पाऊल ताठ होतं. प्रत्येक पावलाला टाच उचलताना हेच घडतं. धावताना ही कमान स्प्रिंगसारखी दबते आणि उसळते, म्हणजे काही ऊर्जा फुकटात परत मिळते. बोटांना हलायला जागाच नसलेल्या ताठ बुटात या यंत्रणेला मोकळेपणाने काम करता येत नाही.

टाच की चवडा?
हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० मध्ये केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंचा अभ्यास मांडला. सवयीने अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर उतरतात, बूटवाले बहुधा टाचेवर. टाच आपटताना जमिनीकडून जो पहिला दणका बसतो, तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नाहीसा होतो. भार मात्र पोटरीवर जातो, हे विसरू नका.

चपलेचीही बाजू
भारतातल्या २,३०० मुलांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८. सर्वाधिक प्रमाण पुढून बंद बूट घालणाऱ्यांत होतं. चपला-सँडलवाली मुलं मधे होती. आपल्या हवेत मुलांना दिवसभर बंद बुटात ठेवण्याचा हट्ट मला तरी पटत नाही.

मोठ्यांनाही उशीर नाही
लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात मोठ्या माणसांनी सहा महिने रोजच्या वावरात अगदी पातळ, लवचीक सोलचे बूट वापरले. पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली! आणि अनवाणी चालून तळव्याला घट्टे पडले तर? केनियात केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की घट्टा जाड झाला तरी तळव्याची संवेदना बोथट होत नाही.

आपल्याकडे हे जुनंच
तालमीतली लाल माती, मल्लखांब, सूर्यनमस्कार, सगळं अनवाणीच. १९११ मध्ये मोहन बागान या फुटबॉल क्लबने ब्रिटिशांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकलं, तेव्हा अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. अनवाणी धावण्यासाठी ओळखला जाणारा आपला मिलिंद सोमण २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या तीन दिवसांच्या ‘अल्ट्रामॅन’ स्पर्धेतही तसाच धावला. त्यातली धाव ८४ किलोमीटरची!

घाई मात्र नको
२०१३ च्या एका अभ्यासात धावपटूंनी दहा आठवड्यांत पातळ बुटांची सवय करायचा प्रयत्न केला. निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. वर्षानुवर्षं आराम केलेले स्नायू हळूहळूच जागे होतात. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी व्यायाम टाळा आणि डॉक्टरांशी बोला. ओल्या, घाण मातीतून हूकवर्मच्या अळ्या थेट तळव्यातून शरीरात शिरतात, म्हणून जागा स्वच्छ हवी. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. भर दुपारच्या डांबरी रस्त्यावर जाऊच नका.

सुरुवात घरातच करा. सूर्यनमस्कार, उठाबशा, चवड्यांवर उभं राहणं, एका पायावर तोल सांभाळणं. रोज दहा मिनिटं पुरेत. पोटरी दुखली तर एक दिवस सोडा. महिनाभराने हिरवळीवर किंवा ओल्या वाळूवर चाला. धावण्याचं त्यानंतर बघू. आणि घरात लहान मूल असेल तर स्वच्छ अंगणात, मैदानात त्याला आजपासूनच अनवाणी खेळू द्या.