डोळे उघडे, पण ससा झोपेत!

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की पोरं हट्ट धरतात आणि पांढऱ्या सशाची जोडी घरी येते. चार दिवस कौतुक चालते. मग तक्रार सुरू होते, ‘‘हा ससा दिवसभर नुसता बसूनच राह्यते जी, बिमार तं नाही?’’ बहुतेक वेळा तो आजारी नसतो, झोपलेला असतो.

ससा हा पहाटेचा आणि दिवेलागणीचा प्राणी. तांबडं फुटताना आणि सांज होताना तो चरतो, उड्या मारतो. भर दुपार ही त्याची विश्रांतीची वेळ. कासवाच्या गोष्टीतल्या सशाला आपण आळशी ठरवले. पण दिवसा झोपणे ही सशाची रीतच आहे.

दिवसरात्र मिळून तो साधारण आठ तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्याने. शिकार होणारा जीव, म्हणून अनेकदा डोळे उघडे ठेवूनच झोपतो. मग ओळखायचे कसे? नाकाकडे पाहावे. जागा ससा नाक सारखे हलवतो. झोप लागली की नाक थांबते. कधी पाय पोटाखाली घेऊन तो गोळा होऊन बसतो. अगदी निर्धास्त असला तर धाडकन कुशीवर पडतो. नवख्याच्या तोंडून निघतेच, ‘‘अवं माय, मेला वाटते!’’ पण असे पडणे म्हणजे घर त्याला मानवले. पोरांनी त्याला हलवून उठवू नये.

आपल्या धुऱ्यावर दिसतो तो रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो. त्याला पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याला झोपेसाठी अंधार, आडोसा आणि गारवा लागतो.

अन् इथेच वऱ्हाडात घात होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो; सशाला तिशीपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. टिनाच्या पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच. पिंजरा घरातल्या गार कोपऱ्यात किंवा निंबाच्या दाट सावलीत ठेवावा. वरून पऱ्हाटी-तुराट्यांचे छप्पर, बाजूला ओले बारदान, पण वारा खेळता हवा. कूलरच्या भरवशावर राहू नये. लाइट गेली की सारेच संपले. आत लपायला लाकडी खोका आणि वाळले गवत द्यावे. नुसत्या जाळीवर बसून तळपायांना जखमा होतात.

झोपलेला ससा शांत श्वास घेतो, चाऱ्याचा आवाज आला की सावध होतो. तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, कान तापले असतील, अंग लुळे पडले असेल, तर ती झोप नव्हे, उष्माघात आहे. लगेच सावलीत न्यावे, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने कान पुसावेत. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये. तोंडात पाणी कोंबू नये. त्याच घडीला पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. बारा तास चाऱ्याला तोंड लावले नाही तरीही हाच मार्ग.

तेव्हा दुपारी ससा निपचित दिसला तर आधी त्याचे नाक, श्वास आणि कान पाहा. सारे ठीक असेल तर खुशाल झोपू द्या. दिवेलागणीला तोच अंगणभर नाचेल.