टिळकांचे परकेपण आणि ‘देवाचा दरबार’
१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेताच नारायण वामन टिळक स्वजनांस अंतरले. पत्नी लक्ष्मीबाईंचीही सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. मात्र केवळ धर्मांतराने त्यांचे एकाकीपण सरले, असे मानणे भाबडेपणाचे होय. मिशनच्या मंडळीतील उपासना पाश्चात्त्य वळणाची. तेथेही हा मराठी कवी काहीसा उपराच. ख्रिस्ताकडे ते तुकोबांच्या वाटेने गेले होते; म्हणून उपासनेत त्यांनी अभंग व कीर्तन आणले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, उभयतांस तेथे ख्रिस्तशिष्य म्हणून स्थान होते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. एके काळी ख्रिस्ती घरचे पाणी वर्ज्य मानणाऱ्या लक्ष्मीबाईंनीच त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले.