लॅपटॉपला वायफाय मिळेना तेव्हा
दोष लॅपटॉपचा की राउटरचा, हे आधी ठरवावे. त्याच जागी, त्याच वायफायवर मोबाइल चालत असेल तर संशय लॅपटॉपवर. चुकून दाबला गेलेला एअरप्लेन मोड हे नेहमीचे आणि काहीसे ओशाळवाणे कारण. वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट नाही, अशा वेळी आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. भिंतींचाही अडथळा असतो : सिमेंटच्या भिंतींपुढे वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर थकतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लांब पोचतात, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. काही जुन्या लॅपटॉपांना तर ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क यादीत दिसतही नाही.