क्लिकची किंमत

रायफलवर बसवायची चार-पाच हजार डॉलरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, हाती आली, की मालक ती आधी दूरच्या डोंगराकडे रोखेल, असे कोणालाही वाटेल. मुरलेला नेमबाज मात्र आधी एक लांबलचक कागद शोधतो. फितीने मोजून बरोबर 100 मीटरवर तो कागद उभा टांगायचा. शेजारी ओळंबा सोडायचा आणि त्याच्या दोरीला धरून खालपासून वरपर्यंत सरळ रेघ मारायची. रेघेच्या तळाशी एक ठिपका. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पहिल्या गोळ्या त्या ठिपक्यावर. मग स्कोपच्या माथ्यावरची चकती फिरवायची, एकेक टिचकी मोजत, शंभर क्लिक. नेम मात्र त्याच तळच्या ठिपक्यावर. आता गोळी ठिपक्याच्या बरोबर एक मीटर वर, त्याच रेघेवर लागायला हवी.

या परीक्षेला ‘टॉल टार्गेट टेस्ट’ म्हणतात. लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे लोक तिला इतके मानतात, याचे कारण गुरुत्वाकर्षणात आहे. 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर अंतर कापायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती, काडतूस कोणते आहे त्यानुसार, आठ ते अकरा मीटर खाली येते. तीन मजली घराच्या गच्चीवर नेम धरावा आणि गोळी अंगणात पडावी, असा हा प्रकार. हा फरक नेमबाज अंदाजाने नाही, तर चकती फिरवून भरून काढतो. म्हणून स्कोप हे बघायचे साधन आहे त्याहून जास्त मोजायचे साधन आहे.

मोजमाप ‘मिल’मध्ये होते. अंतराचा हजारावा भाग म्हणजे एक मिल: एक किलोमीटरवर एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. बहुतेक स्कोपचा एक क्लिक 0.1 मिलचा असतो. आता समजा, कागदावर एक मीटरऐवजी 98 सेंटिमीटरच सरक मिळाली. दोन टक्क्यांची ही चूक क्षुल्लक वाटते. पण दहा मिल चकती फिरवून एक किलोमीटरवर मारले, की तीच चूक 20 सेंटिमीटर होते. अमेरिकेतल्या एफ-क्लास स्पर्धेत 1000 यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10 इंच व्यासाचे असते. मधोमध धरलेला नेम तेवढ्या चुकीने वर्तुळाबाहेर जातो.

नळीच्या आत जे घडते, ते फार नाजूक आहे. मोठ्या नळीत एक छोटी नळी तरंगती बसवलेली असते, तिच्यात प्रतिमा सुलटी करणारी भिंगे. चकतीचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो, समोरून स्प्रिंग दाबून धरते. पुढच्या भिंगाचे केंद्रांतर 200 मिलिमीटर धरले, तर एका क्लिकला आतली हालचाल होते 0.02 मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. तेवढीच हालचाल हजारो वेळा, थंडीत, उन्हात, प्रत्येक गोळीचा धक्का खाऊन तंतोतंत व्हायला हवी. जर्मनीची श्मिट अँड बेंडर, कॅनडाची टँजंट थीटा, अमेरिकेची नाइटफोर्स यांच्या महागड्या स्कोपमध्ये पैशाचा मोठा वाटा या यंत्रकामात जातो. जाड नळीने उजेड वाढतो, हा समज मात्र चुकीचा आहे. 34 मिलिमीटरच्या नळीत आतल्या नळीला वर-खाली सरकायला जागा जास्त मिळते, हा तिचा खरा फायदा.

मग 25 पट, 27 पट या आकड्यांचे काय? नव्या मालकाला त्यांचीच भुरळ पडते. इथे भौतिकशास्त्र लक्ष्मणरेषा आखते. पंचांगात अंशाचा साठावा भाग म्हणजे ‘कला’. निरोगी डोळा साधारण एका कलेपर्यंत दोन ठिपके वेगळे ओळखतो. एक किलोमीटरवर हे अंतर 29 सेंटिमीटर होते. 25 पट मोठे केले, की ते येते 1.2 सेंटिमीटरवर. आता दुसरी बाजू. 56 मिलिमीटरच्या भिंगातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि भिंग कितीही शुद्ध असले तरी एक किलोमीटरवर सुमारे 1.2 सेंटिमीटरपेक्षा बारीक तपशील पुसट होतो. दोन्ही आकडे एकाच जागी येऊन भेटतात. 5-25×56, म्हणजे 5 ते 25 पट आणि 56 मिलिमीटरचे भिंग, हे माप इतके रुळले आहे, त्यामागे हे गणित नीट बसते. त्यापुढे वाढवलेली प्रतिमा मोठी होते, पण तिच्यात नवे तपशील फारसे येत नाहीत.

ती 25 पटसुद्धा रोजच्या वापरात क्वचितच लागते. दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा उकळू लागते, लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे थरथरते. जितके मोठे करावे, तितके मृगजळही मोठे. शिवाय 56 ला 25 ने भागले, की डोळ्यापाशी येणारा प्रकाशझोत अवघा सव्वादोन मिलिमीटरचा उरतो; गाल जरा हलला, की चित्र काळे. पोलादी पट्ट्यांवर वेळ लावून मारायच्या स्पर्धांत अनुभवी लोक म्हणूनच बऱ्याचदा 12 ते 18 पटीवर थांबतात. तिथे गोळी कुठे आदळली ते स्वतःला दिसते आणि मृगजळाच्या लाटांवरून वारा कुठल्या बाजूला वाहतो तेही वाचता येते.

काचेवरचा खर्च दिसतो तो सांजवेळी. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परतवतो. दहा भिंगे म्हणजे वीस पृष्ठभाग. निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच संपेल. 1935 साली झाइसच्या येना इथल्या कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा अतिपातळ लेप तयार केला आणि हे चित्र पालटले. आतून धुके धरण्याचा त्रासही असाच संपला. ओरेगनच्या लूपोल्ड कंपनीने 1947 साली दमट हवेऐवजी कोरडा नायट्रोजन भरलेली, सीलबंद दुर्बीण आणली.

तरीही महाग स्कोप सगळ्यांनाच सारखे सुख देत नाही. लांब पल्ल्याच्या स्कोपमध्ये रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेघा, बहुधा पहिल्या प्रतलावर कोरलेले असते. चित्र मोठे होते तसे तेही वाढते, त्यामुळे त्यावरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या ठरतात. पण पाच पटीवर त्याच रेघा केसासारख्या होतात आणि संध्याकाळी झाडीत शिकाऱ्याला सापडत नाहीत. वजनाचेही तसेच. व्होर्टेक्सच्या 4.5-27 पटीच्या रेझर जेन टू या स्कोपचे वजन जवळजवळ 1.4 किलो आहे. बाकावर ते जाणवत नाही. चढणीला खांदा भरून येतो.

कितीतरी तक्रारी मुळात स्कोपच्या नसतातच. स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू जोर लावून आवळले, की नळी दबते आणि आतली हालचाल अडते. स्कोप एका अंशाने कलता बसला, तरी नऊ मीटर उतार भरून काढताना गोळी 16 सेंटिमीटर बाजूला जाते. ओळंबा या कारणासाठीही टांगायचा असतो.

दुर्बिणीशिवायही क्लिकची ही शिस्त महाराष्ट्राला ओळखीची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात दुर्बिणीला मज्जाव आहे. नेम बारीक छिद्रातून धरायचा. पण छिद्राच्या त्या साइटलाही क्लिक असतात आणि वारा बदलला की तेच फिरवावे लागतात.

कागदावरची परीक्षा अजून अर्धीच झालेली असते. शंभर क्लिक खाली यायचे, चकती शून्यावर आणायची, पुन्हा तळच्या ठिपक्यावर नेम. मग लक्ष्यापाशी चालत जाऊन वाकून बघायचे. शेवटचे भोक पहिल्या भोकांतच मिसळले असेल, तर मालक कागद गुंडाळतो, कोपऱ्यात तारीख लिहितो आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा मोजायला तो जपून ठेवतो.