रहस्यकथेतले भूत

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या एस्. टी.त बसलात, म्हणजे नसरापूरचा फाटा मागे पडल्यावर कापूरहोळ लागते. संभाजीराजांना अंगावरचे दूध पाजणारी धाराऊ ह्याच गावची. इथे रस्त्याला दोन बाजूंना फाटे फुटतात. उजवीकडचा भोरला जातो, डावीकडचा नारायणपूरवरून सासवडला. समजा, अमावास्येच्या रात्री शेवटची गाडी चुकलेले चौघे जण इथल्या एका बाकावर बसले आहेत, आणि दूर पुरंदरच्या बाजूला डोंगराच्या अंगाने एक दिवा हलताना दिसतो. एक जण म्हणतो, "चकवा आहे." दुसरा म्हणतो, "कुणाचं तरी गुरू हरवलं असेल." तिसरा काहीच बोलत नाही, पण हळूच इतरांच्या जवळ सरकून बसतो. चौथा मात्र विचारतो, "दिवा खालीवर होतोय, की सरळ चाललाय?"

मला आज ह्या चौथ्या माणसाविषयी बोलायचे आहे. डिटेक्टिव्ह कादंबरीचा नायक म्हणतात तो हाच. दिवा खालीवर होत असेल, तर तो पावले टाकणाऱ्या माणसाच्या हातात असण्याचा संभव अधिक. एवढे साधे गणित. पण ते करायला अंधारात डोके शाबूत राहावे लागते, आणि तेच कठीण असते.

आता ह्या मुलखात घडणारी एक कादंबरी आपणच मांडून पाहू. गाव काल्पनिक, माणसेही काल्पनिक. एका शेतकऱ्याचे प्रेत सकाळी विहिरीत सापडते. आदल्या रात्री अमावास्या होती. गावात लगेच बोलले जाते, "साती आसरांनी ओढला." मयताचा चुलतभाऊ शपथेवर सांगतो, "रात्रभर विहिरीवर त्याचा कंदील जळत होता, घुंगरं वाजत होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." गावाच्या कडेला एक विधवा बाई एकटीच राहते. मयताशी तिचे बांधावरून भांडण झालेले. तिनेच काहीतरी केले, अशी कुजबूज दुपारपर्यंत सुरू होते. आणि हो, दुसऱ्याच दिवशी त्या दोघा चुलतभावांच्या जमिनीच्या दाव्याची भोरच्या कोर्टात तारीख होती.

विहिरीच्या काठावर दोन वस्तू मिळतात. एक, मयताची पायताणे. ती नीट जोडून ठेवलेली आहेत, पण टाचा पाण्याकडे. पाण्यात उतरणारा माणूस पाण्याकडे तोंड करून पायताणे काढतो. दुसरी वस्तू कंदील. तो विझलेला आहे आणि त्याच्या टाकीत रॉकेल काठोकाठ आहे.

मी आत्ता तुम्हांला सगळे सांगून टाकले. बरी रहस्यकथा हेच करते. खुणा वाचकापासून लपवीत नाही. त्या उघड्यावर मांडते आणि वाचकाचे लक्ष मात्र घुंगरांकडे वळवते. भूत येते ते ह्याच कामासाठी. ते लेखकाच्या उपयोगी पडते, आणि कथेतल्या गुन्हेगाराच्या त्याहून अधिक. कारण गावाने एकदा "आसरांनी ओढला" म्हटले, की पायताणांकडे आणि कंदिलाकडे बघायला कोणी जात नाही.

ही युक्ती जुनी आहे. एडगर ॲलन पो ह्या अमेरिकन लेखकाने १८४१ मध्ये लिहिलेल्या कथेपासून डिटेक्टिव्ह कथेचा आरंभ मानतात. पुढे १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सची 'मूनस्टोन' ही इंग्रजी कादंबरी आली. तिच्यातला हिरा मूळचा चंद्रदेवतेच्या मूर्तीतला, सोमनाथच्या कथेशी जोडलेला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो लुटून नेला जातो, आणि जो त्याला हात लावील त्याचे वाईट होईल अशी समजूत त्याच्यामागे येते. शाप आपल्याकडचा, चोरी विलायतेतली. वाचक शापाकडे बघत राहतो आणि चोरीचा उलगडा निघतो एका औषधाच्या अमलातून! कॉनन डॉइलची बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी १९०१–०२ मध्ये मासिकातून क्रमशः आली. तिच्यातले पिशाच्चवत् श्वापद अंधारात चमकते. शेरलॉक होम्स त्या चमकीचे कारण शोधतो. मौज अशी, की हाच डॉइल उतारवयात मृतात्म्यांच्या संदेशांवर मनापासून विश्वास ठेवी. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्याने १९२० मध्ये खरी म्हणून पुढे मांडली. ती बनावट होती, हे त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये सांगितले. म्हणजे गुप्तहेराला जे कळत होते ते त्याच्या कर्त्याला उमगले नाही! १९२९ साली रॉनल्ड नॉक्स ह्याने डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहिले. भुताखेतांना कथेत थारा नाही, हा त्यांतला एक. हा नॉक्स स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. श्रद्धा सोडा, असे त्याचे म्हणणे नव्हतेच. खुनाचा उलगडा भुतावर ढकलू नका, एवढेच.

मराठीत ह्या वाटेवर पुष्कळ चाललेले आहेत. बाबूराव अर्नाळकरांचे नाव कोणाला सांगायला नको. ते १९०६ साली जन्मले, १९९६ साली वारले, आणि त्यांची पुस्तके हजाराच्या वर भरतात. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावे उच्चारली की आजही कित्येक आजोबांचे डोळे चमकतात. पाठ्यपुस्तकाखाली दडवून वाचायचे ते हेच. पण भुताची छाया पडलेल्या गुन्हेकथेचा सुरेख नमुना हवा असेल, तर मी जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' ह्या कादंबरीचे नाव घेईन. तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ साली 'पाठलाग' हा मराठी चित्रपट काढला, आणि त्याच कथेवर १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' निघाला.

मांडणी बघा. एका गृहस्थाची लाडकी पत्नी वारते. त्याने तिला स्वतः अग्नी दिलेला आहे. पुढे पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते, आणि सांगते की मी ह्यांचीच बायको! नवराबायकोखेरीज तिसऱ्याला ठाऊक नसणाऱ्या गोष्टी ती कोर्टात बोलून दाखवते. आता वाचकापुढे वाटा किती? मेलेली परत आली, ही एक. ही बाई पक्की सोंगाडी आहे, ही दुसरी. आपण ज्याला खात्री समजून बसलो होतो तिच्यातच कुठेतरी चूक आहे, ही तिसरी. आणि भूत जागच्या जागी ठेवून उलटतपासणी चालू राहते. कापूरहोळच्या फाट्यावर उभ्या असलेल्या प्रवाशासारखी आपली गत होते. तीन रस्ते दिसताहेत आणि पाटी कुठेच नाही. शेवट मी सांगणार नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला असेल त्यांनीही शेजाऱ्याला सांगू नये.

इथे एक खुलासा केला पाहिजे. भूत खरेच असलेल्या कथाही असतात, आणि त्यांना मी नावे ठेवीत नाही. पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) हे त्या प्रांतातले मोठे लेखक. त्यांचा 'समर्थ' अमानवी शक्तींशी झुंजतो. तिथे आरंभापासून करार स्पष्ट असतो: ह्या जगात अशा शक्ती आहेत, त्या मानून वाचा. राग येतो तो वेगळ्याच पुस्तकांचा. दोनशे पाने कुलपे, ठसे आणि जबान्या दाखवायच्या, आणि उत्तर सापडेना म्हणून शेवटच्या पानावर हडळ आणायची! ही वाचकाची सरळ फसवणूक आहे. असे पुस्तक मी वाचनालयात परत करताना वर्गणीही परत मागावीशी वाटते.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ह्या दोन जातींची गाठच घालून दिली. त्यांचा ब्योमकेश हा सत्याचा शोध घेणारा, आणि वरदा हा भुताच्या गोष्टी सांगणारा. एका कथेत त्यांनी दोघांना समोरासमोर बसवले आहे. मिळाली तर जरूर वाचा.

हे सारे कादंबरीतले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण १९७२ ते १९७४ ह्या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी मुलींच्या आणि स्त्रियांच्या हत्या झाल्या, तेव्हा गुप्तधन आणि पिंपळावरचा मुंज्या हे शब्द कादंबरीतले राहिले नव्हते. पोलिसांना तिथे माणसेच शोधावी लागली, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या गोष्टीतल्या विधवेचेही तसेच. अमुक बाई करणी करते, असे उठवून तिला छळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कायदा झाला हे चांगलेच. पण पोलीस येण्याआधी गावातल्या पारावर पहिला प्रश्न कोण विचारतो, ह्यावर त्या बाईचे पुढचे दिवस अवलंबून असतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शनिवारी सकाळी अर्धा तास काढून मुलांना एखादी रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवा आणि मध्येच थांबा. फळ्यावर तीन रकाने आखा. कोणी काय डोळ्यांनी पाहिले, कोणी काय ऐकले, आणि कोणी काय नुसते मानले. पहिल्या दिवशी मुले सगळेच 'पाहिले' मध्ये लिहितील. लिहू द्या. मग एखादी मुलगी उठून म्हणेल, "गुरुजी, घुंगरं वाजली म्हणतोय, पण ती कुणाच्या पायात होती ते कुठं पाहिलंय?" त्या मुलीला शाबासकी द्या, तिला पुढची गोष्ट न सांगताही कळेल.

विहिरीवरच्या कंदिलाचे राहिलेच. त्याचा निकाल मी लिहिलेला नाही, पण खूण वर दिलेली आहे. टाकी सकाळी काठोकाठ भरलेली होती, आणि तो कंदील रात्रभर जळताना "डोळ्यांनी पाहणारा" साऱ्या गावात एकच माणूस होता.